गौरीच्या चिंबोऱ्या

चिंबोऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचं, कालवण मला येत नाही. हे आधीच सांगून टाकते. परवा एक मुलगी वही आणि मोबाईल घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आजी, मी आपल्या भागातल्या जुन्या पाककृती जमवतेय. तुमच्या आईच्या हातच्या चिंबोऱ्यांबद्दल खूप ऐकलंय." कोणी तिला माझा पत्ता दिला कोण जाणे. मी तिला वालाचं बिरडं सांगितलं, सुक्या जवळ्याची चटणी सांगितली, हळदीच्या पानातल्या पातोळ्या सांगितल्या. ती भराभर लिहून घेत होती, आणि शेवटी पुन्हा तेच, "आणि चिंबोऱ्या?" मी म्हटलं, "येत नाहीत मला." ती हसली. तिला वाटलं म्हातारी हातचं राखून ठेवतेय. खाडीच्या काठावर जन्मलेल्या बाईला चिंबोरी येत नाही, हे कोणाला खरं वाटणार? माझं डोकं असं तडकलं म्हणता! ती गेल्यावर दिवसभर मी भांडी आपटत होते. सून दोनदा विचारून गेली, "आई, झालंय तरी काय?" तिला काय सांगू? साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचा राग आहे, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, हे उभ्या उभ्या सांगता येतं होय? म्हणून लिहायला बसले.

तेव्हा आमचा जिल्हा, आताचा रायगड, कुलाबा होता. काशीदच्या अलीकडे, समुद्रापासून थोडं आत, खाडीला लागून आमचं गाव. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला खारं पाणी, आणि मधे मातीचा बांध. तो फुटला की सगळ्या गावाच्या तोंडचा घास जायचा, म्हणून बांधाकडे सगळ्यांचं लक्ष. घर आमचं चार खणांचं. पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकाची जागा आणि तिच्या पाठीमागे पडवी. आईचा दिवस चुलीपाशी सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. सकाळी पेज, तिच्यासोबत चुलीत भाजलेला सुका बोंबील नाहीतर आंब्याच्या लोणच्याची फोड. दुपारी तांदळाची भाकरी. ती थापताना आईच्या बांगड्यांचा एक ठरलेला आवाज यायचा, थप थप खळ्, थप थप खळ्. त्यावरून आम्हा भावंडांना ओटीवर बसल्या बसल्या कळायचं की कितवी भाकरी चालू आहे. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की सुकट, जवळा, सोडे. पाऊस सरला की ताजी मासळी. बाबा मुंबईला एका हापिसात शिपाई होते, शिमग्याला आणि गणपतीला तेवढे घरी यायचे. बाकी वर्षभर शेत, बांध, गाय, आम्ही तीन पोरं, सगळं आई एकटी ओढायची. ती कधी दमली असं म्हणाली नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही.

चिंबोऱ्या आई स्वतः धरायची. ओहोटीला साडीचा काचा मारून गुडघाभर चिखलात उतरायची. बांधाच्या कडेच्या बिळात लोखंडी आकडा घालून, कान दिल्यासारखी मान तिरकी करून उभी राहायची. आत नांगी आकड्याला लागली की तिच्या मनगटाला कळायचं. मग असा एक झटका, की चिंबोरी बाहेर. आईच्या उजव्या अंगठ्याला नांगीने तोडलेली जुनी खूण होती, ती आम्हाला कौतुकाने दाखवायची. अमावास्येच्या अंगाच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात, चांदण्यातल्या पोकळ निघतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गौरी येतात शुद्धात, अमावास्येनंतर सातआठ दिवसांनी. म्हणून आई अमावास्येलाच आठ-दहा मोठ्या चिंबोऱ्या धरायची, सुंभाने त्यांच्या नांग्या बांधायची आणि पडवीत मातीच्या मडक्यात चिखल, खाडीतलं गवत आणि वर ओलं गोणपाट घालून आठवडाभर जिवंत ठेवायची. रोज सकाळी गोणपाट भिजवायचं, मेली असेल ती काढायची. त्या आठवड्यात तिचं निम्मं लक्ष त्या मडक्याकडे. आम्हाला ताप आला तरी एवढ्या वेळा उठून बघायची नाही!

आणि हे सगळं गौरीसाठी. आमच्याकडे गौर तेरड्याची. मुली विहिरीवरून वाजतगाजत आणायच्या आणि गणपतीच्या शेजारी बसवायच्या. पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी मात्र तिखटाचा नैवेद्य. बाहेरच्या माणसांना हे सांगितलं की ते डोळे मोठे करतात, पण आमच्यात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. गौर म्हणजे सासरहून दोन दिवस माहेरी आलेली लेक. तिला तिच्या आवडीचं नाही घालायचं तर कोणाला? गणपती सोवळा, त्याला मोदक. म्हणून नैवेद्याच्या वेळी दोघांच्या मधे साडीचा पडदा धरायचा, म्हणजे लेकराला आईचं ताट दिसायला नको. पडद्याच्या अलीकडे पान मांडायचं, भात, वडे, आणि मधोमध ते लालभडक कालवण. आई बसायची आणि हळूच म्हणायची, "जेव गं बाय, सावकाश जेव." मग वाऱ्याने तेरड्याचं एखादं पान हललं की म्हणायची, "बघा, जेवली." वर्षातल्या त्या एका क्षणाला आईच्या तोंडावर जे काही दिसायचं, ते मी एरवी कधी पाहिलं नाही.

कालवण कसं करायची? बारके पाय पाट्यावर वाटून, पाणी घालून, फडक्यातून गाळून त्याचा रस काढायची, इतकं मला ठाऊक आहे. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजायची. कवचात बेसनाचं काहीतरी भरून ती दोऱ्याने बांधायची. काहीतरी! ते काहीतरी काय, हे मला सांगता येत नाही, कारण मी तिथे उभीच राहायची नाही. मी नाक दाबून ओटीवर पुस्तक घेऊन बसायची. शिकलेली ना मी!

शिकलेली म्हणजे काय, तर दोन मैलांवरच्या शाळेत सहावीला होते. तिथे माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलीने एकदा सगळ्यांच्या देखत माझ्या दप्तराचा वास घेतला आणि म्हणाली, "शी, हिच्या पुस्तकांना पण सुकटीचा वास येतो." सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले, हे मी अजून विसरलेले नाही. त्या दिवसापासून कोणी विचारलं की काय जेवलीस, तर मी म्हणायची, "वरणभात, तूप, लिंबू." आमच्या घरात तूप दिवाळीला दिसायचं! आणि घरी येऊन आईवर राग. भाकरी बाजूला सारायची, कालवणाला नाक मुरडायची. आई म्हणायची, "कमळे, आन्नाला नाव ठेवू नको." मी पाय आपटत निघून जायची. आज त्या मुलीची नातवंडं काशीदला गाड्या घेऊन जातात, रांगा लावून चिंबोरीचं ताट मागवतात, बोटं चाटतात आणि ताटाचे फोटो काढतात. खुशाल खा, बाबांनो. पण मला ते बघवत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबाही माझ्याच वाटेवर होते, किंवा मी त्यांच्या. मुंबईत साहेबलोकांची टेबलं पुसता पुसता त्यांना आपल्या घराची लाज वाटायला लागली होती. घरी आले की "असं बोलू नये, तसं बसू नये, आपण आता सुधारलं पाहिजे." त्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांचं कार्ड आलं. आईला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. हापिसातले हेडक्लार्क साहेब कोकणातला गणपती बघायला येणार होते, नेमके गौरीजेवणाच्या दिवशी. बाबांना शिपायाचा कारकून करायचं की नाही ते त्यांच्या हातात होतं. तरी यंदा गौरीला पुरणपोळीचा नैवेद्य करावा आणि घरात कसलाही वास येऊ देऊ नये. शेवटच्या ओळीखाली बाबांनी रेघ मारली होती. आई तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. मग तिने सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली. दोन दिवसांनी अमावास्या होती. आकडा घेऊन ती नेहमीसारखी चिखलात उतरली आणि नऊ चिंबोऱ्या घेऊन आली. मडक्यावर गोणपाट टाकलं.

बाबा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आले, आणि पडवीत गोणपाट बघून त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "कार्ड पोचलं नाही का?"

"पोचलं."

"मग हे काय?"

"गवरीचं जेवान."

"अगं, साहेब शाकाहारी माणूस. दारात पाऊल टाकल्याबरोबर तो वास गेला तर काय म्हणेल?"

"वास?" आई कधी आवाज चढवायची नाही, त्या दिवशी चढवला. "म्हयनोन्म्हयने मुंबैला हाटेलातलं खाता आन हितं पाय ठेवला की पयलं कालवान मागता, ते कुनाच्या वासावर? तुमच्या सायबाला ओटीवर बसवा. मी पुरनपोली करते, वरन करते, काय म्हनाल ते करते. पर गवर माझी लेक हाय. वर्सातनं दोन दिस येते. तिला सायबाच्या आवडीचं न्हाय घालनार."

बाबा म्हणाले, "तुला माझं कधी चांगलं झालेलं बघवायचंच नाही." हे त्या बाईला, जी त्यांच्यामागे वर्षभर बांधाला माती लावत होती! आईने गोणपाट भिजवलं. शेजारच्या जिजीकाकू भिंतीपलीकडून ऐकत होत्या. चार दिवस घरात गणपती होता, आरती होती, मोदक होते, आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी आई आंघोळीला आणि पाण्याला विहिरीवर गेली. बाबांनी मला ओटीवर बोलावलं. शेजारी बसवलं, डोक्यावरून हात फिरवला. बाबा असं कधी करत नसत. म्हणाले, "कमल, तू शिकलेली पोर. तुझ्या आईला नाही कळत, पण तुला कळतं. मी कारकून झालो की तुला मुंबईच्या शाळेत घालीन. ते मडकं खाडीवर ने आणि ओतून ये. मी गेलो तर लोक बघतील." मला अजून तो शब्द ऐकू येतो, कमल. घरात सगळ्यांची मी कमळी. बाबांनी मला कमल म्हटलं आणि मी चेकाळले. मला खरंच वाटलं की मी आता मोठ्यांच्यातली झाले.

मी मडकं कमरेवर घेतलं आणि परसातून बांधावर गेले. भरती होती, पाणी काठोकाठ. कडेच्या चिखलात गुडघाभर उतरून मी मडकं पालथं केलं. आधी चिखल पडला, मग गवत, मग एकेक करून त्या चिंबोऱ्या. नांग्या सुंभाने बांधलेल्या, तशाच त्या खाली गेल्या. एकीने पाण्यात पाय हलवले, तेवढंच मला दिसलं. मग मी मडकं विसळलं, जाग्यावर ठेवलं आणि वर गोणपाट नीट पसरलं. इतकी हुशार होते मी! फक्त पाय धुवायचे विसरले.

आई ओल्या केसांनी आली, हंडा उतरवला आणि सरळ मडक्याकडे गेली. गोणपाट उचललं. कितीतरी वेळ ती वाकलेलीच राहिली. मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल वाळत होता. मला वाटलं, आता लाकूड घेऊन येईल. मला मार हवा होता, खरंच सांगते. तिने मारलं असतं तर मी रडले असते, ती रडली असती आणि काहीतरी झालं असतं. पण ती आत गेली आणि डाळ शिजत टाकली. पुरण केलं, पोळ्या केल्या, वरण, भाजी, ताक, सगळं. तिच्या हातून एक पोळी फाटली नाही. बाबा खूश होते. दोनदा आत डोकावून म्हणाले, "असं! असं पाहिजे!" त्यांना तेव्हा कोणीतरी चुलीत घालायला हवं होतं.

नैवेद्याच्या वेळी आईने दरवर्षीसारखा साडीचा पडदा मागितला. बाबा म्हणाले, "आज कशाला पडदा? आज सगळं गोडच तर आहे." आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. गणपतीला पुरणपोळी दाखवली. आणि पडद्याअलीकडे, गौरीपुढे, केळीच्या पानावर एक तांदळाची भाकरी, मीठ आणि पांढरा कांदा ठेवला. बस. "बाय माझे," ती म्हणाली, "आवंदा तुज्या म्हायेरी एवडंच हाय. रागावू नको." माझ्या हातातला पडदा हलायला लागला. आई म्हणाली, "नीट धर." दिवसभरात ती माझ्याशी तेवढंच बोलली.

आणि साहेब? साहेब दुपारी आले. लाँच फार हलली होती, पुढे एस.टी.चे धक्के, रेवदंड्याला खाडी ओलांडायला तरीत बसायचं. ते आले तेच पिवळे पडून. ओटीवर आडवे झाले. बाबांनी ताट मांडलं, पोळ्यांवर तूप वाढलं. ते तूपही जिजीकाकूंकडून मागून आणलेलं. साहेबांनी ताटाकडे पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, "माफ करा हो, पोटात काही ठरत नाहीये. थोडा ताकभात असेल तर द्या." ताकभात! दोन घास ताकभात खाऊन, आईला "वहिनी, फार त्रास दिला" म्हणून, ते डुलकी काढून संध्याकाळच्या गाडीने निघूनही गेले. पुरणपोळ्यांची चळत तशीच. बाबा ओटीच्या खांबाला टेकून बसले होते. जिजीकाकू परसातून आल्या, त्यांना काय कळायचं ते कळलं होतं. म्हणाल्या, "भावजी, गवर उपाशी गेली तुमच्या घरनं. बघा आता." आणि तरातरा निघून गेल्या. त्या पोळ्या दोन दिवस गायीने खाल्ल्या. आईने त्या दिवशी पाण्याखेरीज तोंडात काही घातलं नाही.

बाबा कारकून झाले, पण पुष्कळ नंतर, दुसऱ्याच कोणा साहेबाच्या हाताखाली. मला मुंबईच्या शाळेत घालायचं ते विसरून गेले. मी सातवीला घरीच बसले आणि अठराव्या वर्षी लग्न झालं. आईने पुन्हा कधी आकडा हातात घेतला नाही. गौर दरवर्षी येत राहिली. आई तिच्यापुढे भाकरी, मीठ, कांदा ठेवायची आणि पडदा धरून घ्यायची. बाबा एकदा, दोनदा, नंतर अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "कर की गं या वर्षी कालवण." ती ढिम्म. जिजीकाकू वाटीभर पाठवायच्या ते आम्हाला वाढायची, स्वतः बोट लावायची नाही. मी सासरी जाऊन आई झाले, आणि मग मला त्या कालवणाची अशी भूक लागली की काय सांगू. बाजारातून चिंबोऱ्या आणून चारदा करून पाहिलं. चारही वेळा फुकट. नवरा म्हणायचा छान झालंय. तो कधी आमच्या घरी गौरीला जेवला नव्हता.

शेवटची दोन वर्षं आई माझ्याकडे होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक दिवस मी तिचे केस विंचरत होते, आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "आये, चिंबोऱ्यांचं कालवण सांग ना गं मला. भरायचीस काय त्यात?" त्या सकाळबद्दल आम्ही दोघी इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो.

तिने मांडीवरचा पदर नीट केला. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "कमळे, त्या दिशी खाडीत टाकल्यास तवा नांग्या सोडल्या व्हत्यास का?"

माझ्या हातातला कंगवा थांबला. खोटं बोलायला हवं होतं. सोडल्या होत्या म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? "नाही," मी म्हटलं.

"सगल्या बांदलेल्याच?"

"हो."

"मंग मेल्या आसतील बिचाऱ्या. ना गवरीच्या पोटात गेल्या ना खाडीत ऱ्हायल्या." तिने मान हलवली. "मला इतकी वर्सं वाटायचं, निदान त्या तरी जगल्या आसतील."

मग म्हणाली, "चहा टाक गं थोडा." मी चहा टाकायला उठले. कालवणाचं ती पुढे बोलली नाही, आणि पुन्हा विचारायला मला तोंड नव्हतं.